मॅडमचा गुण कापला

आईस जय भीम.

फोनवर तुला रडू येतं आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

हे गेल्यापासून तू म्हणतेस की वर्षभर रजा टाक आणि तिवशाला ये. मी अर्ज लिहूनही ठेवला होता.

चौथीच्या वर्गात मी पाढ्यांचा खेळ घेते. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला मी. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकलं की एक कापतात. त्यामुळे मुलं घरून पाढे पाठ करून येतात.

परत रुजू झाले त्या दिवशी मी सात आठे चोपन्न म्हणाले. पिंटू गुण कापायला उठला, तर रागिणीने त्याला अडवलं.

"थांब बे. मॅडमले कच्चं लिंबू ठेवू."

"कावून?"

"त्याईचे मिस्टर वारले न."

लहान भावंडांना खेळात घेतात तसं मला घेतलं. त्यानंतर माझी एकही चूक कोणी धरली नाही.

काल माझं तेरा सत्ते चुकलं. रागिणी स्वतः फळ्यापाशी गेली आणि गुण पुसला. म्हणाली, "मॅडम, आता तुमी मोठ्या झाल्या." सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं.

देवमनदादाला न्यायला पाठवू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत मीच येईन. सध्या मी गुणांत मुलांच्या बरीच मागे आहे, अशात रजा घेता येणार नाही.

तुझी,
रश्मी