वाकड्या दांड्याची पळी आणि उभ्या काठाचं ताट

मी मन्मथअप्पा वल्द गुरुलिंगअप्पा, लिंगायत वाणी, धंदा किराणा दुकान, राहणार मौजे ताडकळस, जिल्हा परभणी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. हात मात्र माझे राहिले नाहीत. संधिवातानं दोन्ही हातांची बोटं तळव्यात मिटली, ती उघडत नाहीत. म्हणून मी सांगतो आणि माणिकराव पटवारी लिहितात.

कलम पहिलं. घर आणि दुकान मुलगा शिवरुद्र याला. पेडगावची जमीन मुलगी बसम्मा हिला. त्यावर शिवरुद्रनं कटकट करू नये. आईच्या आजारपणात उशाशी बसम्मा होती, तो नव्हता.

कलम दुसरं. पितळेची वाकड्या दांड्याची पळी व एका बाजूला उभा काठ असलेलं ताट. आमच्यात ताटातला प्रसाद टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणीही पितात. हात गेले तसा निम्मा भात माझ्या मांडीवर सांडू लागला. माझी पत्नी लिंगैक्य मल्लम्मा हिला ते बघवेना. तिनं तांबटाकडून ही दोन्ही करवून घेतली. त्या शहाण्यानं पळी मुठीला बांधायला चामड्याचा पट्टा लावून दिला, जेवायच्या पळीला! तिनं तो तिथंच कापला आणि आपल्या इरकली लुगड्याच्या काठाची पट्टी शिवली. तेव्हापासून मी माझ्या हातानं जेवलो.

चुडाव्याला बसम्माच्या लेकीच्या लग्नात पंगतीला बसलो, तर शिवरुद्रनं पळी उचलून उपरण्याखाली घातली. म्हणाला, "आप्पा, पाव्हण्यांत हे कशाला काढायलाव? लोक हासायलेत. मी भरवतो की." व्याह्यांसमोर त्याच्या घासाला मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या ताटावरून उठलो. तो प्रसाद उकिरड्यावर गेला. याची मी त्याला माफी दिलेली नाही.

कलम तिसरं. पळी, पट्टी व ताट आमच्या गल्लीतल्या तानुबाईला द्यावं. कापसाच्या कारखान्यात तिचे दोन्ही पंजे यंत्रात सापडले. सुनेला सवड झाली तर ती भरवते, नसता ही उपाशी निजते. मला म्हणाली, "आप्पा, भूक लागली म्हनायचीबी लाज वाटायलीय."

पट्टी माझ्या समाधीत ठेवू नये. मल्लम्माची तेवढीच खूण उरली आहे, सोबत न्यावी असं फार वाटतं. पण मला तिथं जेवायचं नाही. तसंच आमच्या रीतीप्रमाणे पुरताना तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायला माझी बोटं मोडू नयेत, मुठीवरच बांधावं.

कलम चौथं, अट. शिवरुद्रनं स्वतः तानुबाईच्या हाताला पळी बांधावी, आपल्या घरी पंगतीत तिला शेजारी बसवावं आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत उठू नये. हे न केल्यास दुकानही बसम्माचं.

एवढं झाल्यावर शिवरुद्रला बोलावून सगळं वाचून दाखवलं. तो रडला. म्हणाला, "आप्पा, अट खोडा. मी आत्ताच तिला घेऊन येतो." पटवारी दिवेलागणीपर्यंत थांबले. तो एकटाच आला. म्हणाला, "उद्या बोलावतो. आज दुकानावर पाव्हणे हायत."

अट खोडू नये.

मुक्काम ताडकळस, ९ बहमन १३५२ फसली.
निशाणी: मन्मथअप्पा. अंगठा उठत नाही, मुठीचा ठसा घेतला.
गवाह: व्यंकटराव, पेडगावकर. चंद्रभान, ताडकळसकर.
लिहिणार: माणिकराव पटवारी.