शंभर वर्षांचं रीळ

३ जून
बाबांच्या वस्तूंची वाटणी झाली. दादाला घड्याळ. मला मासे पकडायच्या गळाचं पितळी रीळ, तेही हँडल अडकलेलं. बाबांचा लाडका दादाच, हे माझं जुनं दुखणं. पण रीळ साधंसुधं नाही. कोणी केलं, कधी केलं, सगळं शोधून काढणार. मग बघू कुणाला काय मिळालं ते.

४ जून, सकाळी
भिंग आणलं. आजपासून रोज एक तास संशोधन.

४ जून, दुपारी
भिंगाने आधी शब्दकोडं सोडवलं. रीळ उद्या.

६ जून
सापडलं! हँडलखाली कोरलेला बारीक मासा. कारागिराची खूण! मशीनची छाप नाही, हातकाम. म्हणजे शंभर वर्षं कुठे गेली नाहीत. माशाचा डोळा चक्क शेपटीत आहे. काय ती शैली! बायको म्हणाली, चुकलं असेल त्याचं. तिला कलेतलं कळत नाही.

८ जून
जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला दाखवलं. म्हणे, चाळीस वर्षांपूर्वी असली रिळं पोत्याने यायची. मासा बघून हसला. जळला असणार.

९ जून
दादाला फोन केला. दीडशे वर्षं सांगितली. रविवारी बघायला येतो म्हणाला. घड्याळाचा विषय काढला नाही. मन मोठं ठेवलं.

११ जून, शनिवार
उद्यासाठी रीळ घासलं. पितळेचं पॉलिश आणि बायकोचा जुना टूथब्रश. (जुना नव्हता, असं नंतर कळलं.) लखलखाट! मासा जरा पुसट झाला. म्हणजे, दिसत नाही. हरकत नाही, मला तोंडपाठ आहे.

१२ जून, रविवार
दादाने रीळ हातात घेतलं आणि आधी विचारलं, मासा कुठे गेला? मी म्हटलं, तुला काय माहीत? म्हणाला, अरे गाढवा, तूच काढलास तो. पहिलीत होतास. रीळ नवं कोरं, आणि तू माझा कंपास पळवून त्याच्या टोकाने कोरत बसलेला. आई धपाटा घालायला धावली, बाबांनी अडवलं. त्या बाजूला त्यांनी पुढे कधी कुणाला फडकंसुद्धा लावू दिलं नाही. रीळ धाकट्यालाच द्यायचं, हेही तेच सांगून गेले.

दादा गेल्यावर रडू आलं. बायकोने दिवा जवळ सरकवून दिला.

भिंग लावून बसलोय. एखादी रेघ तरी उरली असेल. पण घासलंय इतकं झकास, की आत फक्त माझं तोंड दिसतं.