काटा फुकट, वजन महिन्याने

३ जुलै, सोमवार. संध्याकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. तीन महिन्यांनी मी मोठा माणूस होणार हे जवळपास नक्की आहे. तेव्हा हे सगळं कसं जमलं ते माझं मलाच तारीखवार माहीत असावं.

आज मीटिंग झाली. मोठे साहेब म्हणाले, आपली कंपनी चाळीस वर्षं इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकत आली, आणि तिथेच आपलं चुकलं. आपला काटा वीस-वीस वर्षं बिघडत नाही, त्यामुळे एकदा काटा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. (मी टाळ्या वाजवल्या. ती तक्रार होती हे नंतर कळलं.) यापुढे काटा विकायचा नाही, सबस्क्रिप्शन विकायचं. काटा फुकट, वजन महिन्याने. पैसे भरले नाहीत तरी काटा चालूच राहतो, फक्त वजन दाखवत नाही.

आमच्या विभागाला सेवाप्रमुख नेमायचा आहे. साहेबांनी माझंच नाव घेतलं. अट एकच, तीस सप्टेंबरला माझ्या भागात पंचवीस सक्रिय सबस्क्रिप्शन हवीत. जमलं तर केबिन, नाही तर गोदाम, असं म्हणाले. परत येणारे जुने काटे उतरवून घ्यायला तिथे माणूस हवाच आहे म्हणे. सगळे हसले. मीही हसलो. चोवीस वर्षं या भागात काटे विकतोय. पंचवीस म्हणजे डाव्या हातचा मळ.

४ जुलै, मंगळवार
व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. नावाखाली 'सेवाप्रमुख'. प्रेसवाला पाचशेच्या खाली घेतच नाही, म्हणून पाचशे.

बायको शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. पद मिळालं का, असं विचारलं. मी म्हटलं, मिळाल्यासारखंच आहे. मग ते 'सारखंच' कार्डावर कुठे दिसत नाही, म्हणाली. प्रमुखाने प्रत्येक गोष्टीला उत्तर देऊ नये.

६ जुलै, गुरुवार
ट्रेनिंग. ट्रेनर मॅडमचं वय माझ्या नोकरीएवढं. चौसष्ट स्लाइड. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, सदस्य म्हणायचं. काटा म्हणायचं नाही, 'वजन-अनुभव' म्हणायचं. पहिले तीस दिवस फुकट. तेवढ्यात सदस्याने बंद केलं नाही तर तो आपोआप सक्रिय होतो. बावन्नाव्या स्लाइडवर एकच वाक्य होतं: 'विसरणं हे आपलं इंजिन आहे.' उतरवून घेतलं. अर्थ नंतर विचारणे.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी माझी बॅग उचलून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला आणि आत काय आहे विचारलं. माझं एक किलोचं पितळी वजन. चोवीस वर्षं बरोबर आहे. कुठल्याही काट्यावर ठेवलं की काट्याचं खरंखोटं कळतं. त्या म्हणाल्या, सर, आता याची गरज नाही, नवा काटा स्वतःला क्लाउडवरून तपासतो. मी मान डोलावली. वजन बॅगेत परत ठेवलं.

१२ जुलै, बुधवार
संकल्प: रोज तीन भेटी, रोज एक सबस्क्रिप्शन. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच विषय संपतो.

आज पहिली भेट बेकरीवाल्या काकूंची. त्यांच्याकडचा आपला काटा एकोणीस वर्षांचा. त्याच्या चारी पायांत पीठ जाऊन दगड झालेला. बघवेना. उलटा केला, रुमालाने साफ केला, वजन ठेवून बघितलं तर तीन ग्रॅम कमी. स्क्रू फिरवून बरोबर केला. काकू एवढ्या खूश झाल्या की गरम बिस्किटं दिली. आता आणखी वीस वर्षं बघायला नको म्हणाल्या. नव्या योजनेचा विषय काढायला वेळच उरला नाही. पण संबंध पक्का झाला. सबस्क्रिप्शन म्हणजे शेवटी संबंधच.

३१ जुलै, सोमवार
महिन्याचा आढावा. भेटी छप्पन्न. दुरुस्त केलेले जुने काटे एक्केचाळीस. सबस्क्रिप्शन शून्य. आकडा दिसायला लहान आहे, पण पाया भक्कम झाला. इमारतीचा पायाही कुणाला दिसत नाही. हे मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं की तुम्ही जुना काटा नीट करून दिलात तर कुणी नवा का घेईल. तरुण आहेत, समजेल हळूहळू.

१६ ऑगस्ट, बुधवार
अजून शून्य. मोठ्या साहेबांचा निरोप: गोदामात पंखा बसवला आहे. मला कशाला सांगतात कळलं नाही.

संकल्प: उद्यापासून रुमाल घरी ठेवायचा.

१७ ऑगस्ट, गुरुवार
रुमाल घरी ठेवला. भंगारवाल्यांचा काटा शर्टाच्या बाहीने पुसला. बायको बाहीबद्दल बरंच बोलली.

२६ ऑगस्ट, शनिवार. दुपारी
सापडलं. इतके दिवस काय अडत होतं ते सापडलं.

खिळेवाल्या शेटनी आज स्पष्टच सांगितलं. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, खिळे किलोवर जातात. म्हणाले, "फुकटाची भीती नाही हो, नंतर बंद करायचं विसरू याची भीती." मी तिथल्या तिथे शब्द दिला, अठ्ठाविसाव्या दिवशी मी स्वतः फोन करून आठवण करीन. नको असेल तर त्याच मिनिटाला बंद करा, कसं करायचं तेही सांगीन. शेटनी लगेच हात पुढे केला. नवा काटा सोमवारी बसवा म्हणाले.

इतकं सोपं होतं! चौसष्ट स्लाइडमध्ये हे एकाही स्लाइडवर नाही.

२७ ऑगस्ट, रविवार
प्रॅक्टिस म्हणून एक नवा काटा घरी आणून स्वयंपाकघरात बसवला. माझ्याच नावाने नोंदला. बँकेचं कार्ड जोडल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही, म्हणून तेही जोडलं. माझं पितळी वजन ठेवून बघितलं. ९९८ ग्रॅम. दोन ग्रॅम गेले कुठे? क्लाउडला विचारावं लागेल. बायकोने वीस वर्षांपूर्वीचा आपला जुना काटा ओट्यावरून हलवायला साफ नकार दिला. नवा फ्रिजवर ठेवला. तिथे छान दिसतो.

३० ऑगस्ट, बुधवार
तीन दिवसांत पंचवीस! बेकरी, भंगार, खिळे, किराणा, लोकरवाल्या मावशी, सगळे. सगळ्यांनी एकच सांगितलं, तुम्ही फोन करणार म्हणताय म्हणून घेतो. कॅलेंडरवर पंचवीस नावं लाल पेनाने लिहिली. मोठ्या साहेबांनी पाठीवर थाप मारली. मॅडमही पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. आता तुम्ही महिनाभर काहीही करू नका सर, अगदी काहीही, असं बजावून म्हणाल्या. माझ्या तब्येतीची काळजी आहे बिचारीला.

कार्डं आली. कागद जाड आहे. केबिनमध्ये टेबल खिडकीकडे तोंड करून लावायचं ठरवलं.

१३ सप्टेंबर, बुधवार
किरकोळ तक्रारी. बेकरीत प्रत्येक वजनानंतर काटा विचारतो, 'हे वजन तुम्हाला कसं वाटलं? तारे द्या.' तारे दिल्याशिवाय आकडा जात नाही आणि रांग दारापर्यंत जाते. काकू दिवसभर पाच तारे देत बसतात. भंगारवाल्यांना मेसेज आला की या आठवड्यात तुमचं वजन नऊ टन झालं, थोडं चालत जा. खिळेवाल्यांचा काटा ऐन गर्दीत चाळीस मिनिटं अपडेट होत होता.

सगळ्यांनी नवा काटा बाजूला सरकवून खालचा जुना वर काढलाय. नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. जुन्यांची जरा साफसफाई करून दिली.

२४ सप्टेंबर, रविवार
उद्यापासून फोन. बायकोने कॅलेंडर बघितलं आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. सांगितलं. तिने हातातली वही खाली ठेवली. मग विचारलं, की तुम्ही फोन केलाच नाहीत तर काय होईल? मी म्हटलं, त्यांना आठवणार नाही. आणि न आठवलं तर? तर सक्रिय होतील. आणि सक्रिय झाले तर तुम्हाला काय मिळेल?

"अगं, पण शब्द दिलाय मी."

ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणूनच तर तुमच्याशी लग्न केलं." आणि वह्या तपासायला लागली. कौतुक होतं की काय ते नीट कळलं नाही. कौतुकच असावं.

२५ सप्टेंबर, सोमवार
नऊ फोन. पहिला बेकरीवाल्या काकूंना. त्या म्हणाल्या, "मी तर पार विसरले होते हो! बरं झालं आठवण केलीत." फोन चालू असतानाच बंद केलं. मी कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. बाकी आठ जणही विसरले होते, आठांनीही बंद केलं. सगळ्यांनी मनापासून आभार मानले. असा विश्वास पैसे देऊन मिळत नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार
आणखी अकरा. तेही विसरले होते. एकंदर लोक फार विसरतात. (मॅडमना त्या इंजिनाचा अर्थ विचारायचा राहिलाच.)

बंद केलं म्हणजे संपलं असं नाही. माणूस शांतपणे विचार करतो आणि परत येतो. निदान वीस तरी परत येतील.

२७ सप्टेंबर, बुधवार
चार फोन झाले. राहिले खिळेवाले शेट. सोमवारपासून त्यांचा फोन लागेना. त्यांची मुदत रात्री आठला संपत होती. सहा वाजेपर्यंत वाट बघितली, मग निघालो. रस्ता खणलेला, रिक्षा मिळेना. बॅग खांद्यावर, बॅगेत एक किलो, असा चौकापासून पळत गेलो. पोचलो तेव्हा आठला बारा मिनिटं कमी होती. शेट शिडीवर चढून रंगाचे डबे लावत होते आणि फोन सोमवारपासून बंद पडून घरीच होता. मी धापा टाकत म्हटलं, बंद करायचं आहे का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या फोनवरूनच त्यांचं खातं उघडून बंद केलं. सात चोपन्न.

घरी येताना फार समाधान वाटलं. पंचवीसपैकी पंचवीस शब्द पाळले. असा रेकॉर्ड कंपनीत दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा.

३० सप्टेंबर, शनिवार
आज निकाल. इस्त्रीचा शर्ट. खिशात दहा कार्डं.

मॅडमनी स्लाइड लावली. माझ्या भागापुढे लिहिलं होतं, सक्रिय: १.

खोटं कशाला लिहू, खिशातली कार्डं चाचपली. वीस तरी परत येतील असं धरून चाललो होतो. पण लगेच लक्षात आलं, एक तरी आहे. पंचवीस जणांचं तर मी स्वतः बंद करून दिलं, म्हणजे हा सव्विसावा. कुणी न सांगता, कुणी न समजावता आपणहून आलेला. मी उठून उभा राहिलो. मोठ्या साहेबांना म्हटलं, आकडा बघू नका, माणूस बघा. फुकटचे तीस दिवस संपल्यावरही जो टिकतो, तो खरा सदस्य. हा माणूस दूरदृष्टीचा आहे. हीच माझी चोवीस वर्षांची कमाई. त्याला कंपनीतर्फे शाल आणि फुलं द्यावीत, मी स्वतः घेऊन जातो. दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या.

साहेब म्हणाले, नाव उघडा. मॅडम हळूच म्हणाल्या, राहू दे ना सर. साहेबांनी ऐकलं नाही.

माझं नाव. माझा पत्ता, तिसरा मजला. ठिकाण: स्वयंपाकघर. मुदत संपली: २६ सप्टेंबर. आजवर एकूण वजनं: एक. ९९८ ग्रॅम.

मला कुणी फोन केला नव्हता.

लाज वाटली. पहिल्यांदा वाटली, आणि भरपूर वाटली. खोलीत एवढं हसू झालं की पलीकडच्या अकाउंट्सवाले बघायला आले. हसू ओसरल्यावर मॅडमनी मला पाणी आणून दिलं. बावन्नाव्या स्लाइडचा अर्थ आता विचारायची गरज उरली नव्हती. साहेबांनी गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली. पंखा चांगला आहे, म्हणाले.

१ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.२०
उद्यापासून गोदाम. दोन महिने तरी पुरतील एवढे जुने काटे पडले आहेत म्हणे, पायात पीठ, धूळ, खिळ्यांचा गंज. रुमाल चार लागतील. वजन आहेच. खरं सांगायचं तर फार वाईट वाटत नाही. सकाळी काकूंचा फोन आला होता. गोदामात कुठल्या वेळेला सापडाल, काटा दाखवायचाय, म्हणाल्या. पाठोपाठ शेटचाही आला. तेही येणार. कार्डांच्या पाठीवर बायको बाजाराच्या याद्या लिहायला लागली आहे. कागद जाड असल्याने शाई फुटत नाही म्हणते.

आता एकच काम उरलं. फ्रिजवरचं ते सबस्क्रिप्शन बंद करणे. ॲप उघडलं. सक्रिय झाल्यावर बटणाने बंद होत नाही. 'आपल्या भागातील प्रतिनिधीशी बोला' असं आलं आणि खाली हिरवं बटण. दाबलं.

आपण ज्यांना फोन करत आहात ते दुसऱ्या कॉलवर आहेत.

पाच मिनिटांनी पुन्हा लावला. तेच. बायको ओट्यापाशी जुन्या काट्यावर पीठ मोजत होती. नंबर कुणाचा आहे ते वाचा, म्हणाली. वाचला. माझाच. चोवीस वर्षं तोच आहे.

संकल्प: दुपारी जेवणानंतर पुन्हा लावून बघणे. तोवर मोकळा होईल.