दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन

देवळाली प्रवरा,
५ नोव्हेंबर १९७२

ती. मच्छिंद्रदादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझा प्रबंध विद्यापीठात गेल्याचे तात्यांनी गावभर केले. राहीबाई सकाळीच आल्या, डाक्तर कधी येतोय म्हणाल्या, गुडघा लई ठणकतो. आपल्या बाईने सांगितले, माझा ल्योक मुंबईचा डाक्तर हाय, फुकट बघत न्हाई.

पुढचे भीत भीत लिहिते. तुझ्या प्रबंधाची प्रत वाचताना सर्वांत लहान उदाहरण हाताने सोडवून पाहिले : शेजारी दोन अणू, त्यांवर दोन इलेक्ट्रॉन. एकाच अणूवर आले की ते एकमेकांना ढकलतात. ही ढकल खूप वाढवली की माझ्या कागदावर एक इकडे, एक तिकडे बसतो. तुझ्या पद्धतीने मात्र दोघे निम्मा वेळ एकाच अणूवर सापडतात. माझेच चुकले असेल. गणित तूच तर शिकवलेस. तरी पाहशील का? लोभ आहेच, हे वाचल्यावरही राहू दे.

तुझी,
द्वारका

मुंबई,
११ नोव्हेंबर

चि. द्वारकास अनेक आशीर्वाद.

रोज संगमनेरला जाऊन कॉलेजात शिकवतानाही असाच दहादा ताळा बघतेस काय? पोरे पळून जातील. दोन अणू हे खेळणे झाले, खरा पदार्थ वेगळा. त्याच गणिताच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन कॉम्प्युटरचे उत्तर स्थिर झाले आहे. वेळेवर जेव. बाईस नमस्कार.

मच्छिंद्र

देवळाली प्रवरा,
१६ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण उत्तर स्थिर झाले याचीच मला धास्ती आहे. सुरुवातीला तू दोन्ही इलेक्ट्रॉनांची मांडणी अगदी सारखी धरलीस, म्हणून ती प्रत्येक फेरीत सारखीच राहते. एकाला जरासे सरकवून कॉम्प्युटर पुन्हा चालव. परीक्षकांनी हे विचारले तर? आणि कोणीच विचारले नाही तर? मला दुसऱ्या शक्यतेची भीती जास्त वाटते.

द्वारका

मुंबई,
२ डिसेंबर

द्वारके,

सरकवले. धातूच्या ज्या ऑक्साइडातून वीज वाहते असे मी प्रबंधात लिहिले, ते वीज अडवते. चौथे प्रकरण कोसळले, त्यावर उभे असलेले पाचवेही. माझ्या मार्गदर्शक सरांना बोललेलो नाही. प्रबंध परत घेतला तर वर्ष जाईल, तात्यांना तोंड कसे दाखवू? गप्प राहिलो तर कदाचित कोणाला कळणारही नाही. तू सांग. आणि हे पत्र फाडून टाक.

मच्छिंद्र

देवळाली प्रवरा,
६ डिसेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडले नाही, तात्यांना वाचून दाखवले. तुला न विचारता केले. ऐकून ते उसात निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. बाई माझ्यावर चिडली, म्हणाली, तुला कुनी सांगितलं हुतं तपासायला? मला वाटले, तुझे-माझे दोघांचेही संपले.

दिवेलागणीला तात्या आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, परत घे म्हनावं, वरीस गेलं तर गेलं. मग विचारले, तिथं त्याच्यापाशी कुनी हाय का, का एकलाच हाय?

उद्याच्या एस.टी.ने ते तुझ्याकडे निघत आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देते. सरांकडे जाशील तेव्हा ते बाहेर बाकावर बसतील. मुंबई त्यांनी कधी पाहिलेली नाही, पण घाबरल्याचे ते दाखवणार नाहीत. रस्ता ओलांडताना त्यांचा हात धर. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसे कळव, पण कळव.

तुझी,
द्वारका