कुंडीतले किडे आणि ती बाटली

बंड्या,

तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी दारावरच चिकटवते आहे. आईला चौकातल्या दवाखान्यात ठेवलंय. सकाळी उठली तीच धापा टाकत. तिच्या खोलीत औषधाचा उग्र वास कोंडला होता. आता ऑक्सिजन लावलाय, शेजारच्या काकू जवळ बसल्यात.

काल तू तिच्या खोलीतल्या कुंड्यांवर किडे मारायचं जे औषध मारलंस, त्याची बाटली मी घरभर शोधली, पण सापडली नाही. जिथे ठेवली असशील तिथून काढ आणि तडक घेऊन ये. डॉक्टरांना औषधाचं नाव हवंय. खिडक्या उघड्याच राहू देत आणि कुंड्यांना हात लावू नकोस.

मातीत टुणटुण उड्या मारणारे ते पांढरे किडे कुजका पाचोळा खातात. त्यांचा ना झाडाला त्रास, ना माणसाला. पाणी जास्त झालं की ते होतात आणि माती वाळली की आपोआप जातात. आई तुला हेच सांगत होती, पण तू आवाज चढवलास आणि ती आत जाऊन पडली.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फवारा मीच मारला." किती मारला, असं विचारल्यावर मात्र ऑक्सिजनचा मास्क चाचपत बसली. बाबांनी लावलेल्या झाडांवर ती विष मारेल होय रे? तरी चारचौघांत मी तिला खोटं पाडलं नाही. खरं काय ते डॉक्टरांना तू सांग, आणि तिच्यासमोर सांग.

ताई