मास्कवरची वाफ

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र कसलं लिहितेय ही, म्हणशील. पण फोनवर तू ‘खारू कशी आहे गं?’ विचारतेस आणि माझ्या तोंडून आपोआप ‘एकदम मस्त!’ निघून जातं. तशी तुझी लेक ठीक आहे. जेवते, शाळेत येते, वेणी घालताना किंचाळते. पण मंगळवारपासून गप्प गप्प होती, आणि का ते मला काल कळलं. ते तुला सांगायचंय. थोडं मागून सुरू करते, नाहीतर माझी हिंमतच व्हायची नाही.

दुसरीचा वर्ग मिळाला म्हणून मी किती उड्या मारल्या होत्या, आठवतंय ना? आणि आपली खारू माझ्याच वर्गात! तर पाण्याचा धडा होता. आपण पडलो इंग्लिश मीडियमवाल्या. इव्हॅपोरेशन मी झोपेतही सांगेन, पण बाष्पीभवन म्हणताना जीभ अडखळते. वर्गात एक वकीलसाहेब आहेत, समोरचे दात अजून यायचेत, पण प्रत्येक गोष्टीवर ऑब्जेक्शन. त्यांनी लगेच विचारलं, टीचर, यात भवन कुठून आलं? म्हटलं, मरू दे तो शब्द, करूनच बघू. ओल्या फडक्यानं फळ्यावर हत्ती काढला आणि सगळी गँग तो वाळताना बघत बसली. आधी सोंड गेली, मग शेपूट, मग पोट. कुठे गेला हत्ती? एक म्हणाला, फळ्यानं पिऊन टाकला. आपली खारू म्हणाली, त्याची शाळा सुटली, घरी गेला. इतकी हसले मी! खूप दिवसांनी तीही हसली.

मग मंगळवारी उलटा प्रयोग. घरून छोटे आरसे आणायला सांगितले होते. एकीनं आईच्या पावडरच्या डबीतला आणला, एकानं भिंतीवरचा अख्खा उचलून आणला, खिळ्यासकट. सगळ्यांना आरशावर ‘हाऽऽ’ करायला लावलं. तोंडं पुसट झाली की नुसता आरडाओरडा. मी सांगितलं, आपल्या श्वासात पाणी असतं, ते दिसत नाही, पण गार काचेला लागलं की त्याचे बारीक बारीक थेंब होतात. वकीलसाहेब उभे राहिले. म्हणजे टीचर, श्वास बंद तर धुकं बंद? मी म्हटलं, करेक्ट! आणि सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. खारूनं वाजवल्या नाहीत. तिनं आरसा फ्रॉकला पुसला आणि बाकावर पालथा ठेवून दिला.

मला वाटलं, दमली असेल. तुझी आठवण येत असेल. बदलीच्या गावी तुला घर मिळेपर्यंतच इथे राहायचंय, हे तिला पटलंय, पण कंटाळतेच ना गं. काल मी बटाटे उकडत होते. झाकण उचललं तर आतून टपटप थेंब. माझा उत्साह तुला माहितीये, ओरडलेच, खारू, पळत ये, कंडेन्सेशन! ती आली, बघितलं, आणि अगदी हळू म्हणाली, मावशी, बाबाच्या मास्कवर पण असंच यायचं. यायचं, जायचं, यायचं, जायचं. मग आलंच नाही.

मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले.

ती सकाळ आठव ताई. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या, घरच्यांमध्ये राहू दे. तू कितीतरी वेळ भाऊजींच्या उशापासून हलली नव्हतीस. मीच तुला ढकललं, जा, आंघोळ करून ये, मी आहे. आणि तेवढ्यात ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन माणूस आला म्हणून मी खाली गेले. खारू त्यांच्या पायाशी चित्र रंगवत होती. ती म्हणते, मास्क एकदम स्वच्छ झाला. बाबाचं तोंड छान दिसायला लागलं. तिला वाटलं, बाबा बरा झाला. शांत झोपलाय, उठवायला नको, म्हणून तिनं कुणालाच हाक मारली नाही. आवाज नको म्हणून रंगपेटी बंदसुद्धा केली नाही. मग तू ओल्या केसांनी बाहेर आलीस.

इतके दिवस तिला यातलं काही कळलं नव्हतं. मंगळवारी कळलं. तिनं मला विचारलं, मी हाक मारली असती तर बाबा थांबला असता?

मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, जवळ घेतलं. ती मान हलवत राहिली, वर्गात काही न समजताही मुलं हलवतात ना, तशी. शेवटी म्हणाली, आईला सांगू नकोस, ती मला रागावणार नाही पण रडेल. मी प्रॉमिस केलं. आता मोडतेय.

ताई, माझ्या ‘नाही’नं तिचं भागत नाही. मी पडले मावशी, त्यात टीचर. तिला तुझ्याकडून ऐकायचंय. आणि तुलाही तिच्याकडून काहीतरी ऐकायला हवं. ‘मी आंघोळीला गेले आणि तो एकटाच गेला’ हे एकच वाक्य घेऊन तू फिरतेयस. भाऊजींबद्दल माझ्याशी दुसरं काही बोलतच नाहीस. अजून बाथरूमची कडी लावत नाहीस, मी बघितलंय. ते एकटे नव्हते गं. खारू होती. निळी गाय रंगवत होती आणि बाबा बरा झाला म्हणून खूश होती. तू सुट्टीची वाट बघू नकोस. हे वाचून झालं की गाडी पकड. तिला सांग, तुझं काही चुकलं नाही. मग तिला विचार, बाबा कसा गेला. ते फक्त तिनं बघितलंय.

तुझीच,
शेंडेफळ