नऊ वर्षांचा उजवा खांदा

३ जानेवारी

आत काहीतरी फाटलं. आवाज आला मला — जुनी चादर टर्रकन फाडावी तसा.

सकाळी सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत घेत होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत. दिवसातून चार वेळा, नऊ वर्षं. त्यांची डावी बाजू अर्धांगाने गेलेली. उजवा हात मात्र सांडशीसारखा! आज त्यांचा पाय घसरला. माझा दंड धरला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून दिलं. मी सोडलं नाही. पडल्या नाहीत त्या, साधं खरचटलंही नाही.

आणि म्हणाल्या काय? "पाडत होतीस ना मला!"

हे तेव्हा पोहायला गेले होते. रोज सहा ते साडेसात. खांदे बघावेत यांचे — दारातून तिरके आत आणावे लागतील असे.

कोपर टेबलावर टेकवलं की लिहिता येतं. हात वर न्यायचं मात्र नाव नको.

४ जानेवारी

वेणी घालता आली नाही. केस तसेच गुंडाळले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

८ जानेवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. फोटो काढला खांद्याचा. "हाड एकदम ठणठणीत!" म्हणाले. मग माझं वय विचारलं. बावन्न म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग बरोबर. खांदा आखडलाय. या वयात बायकांना होतंच."

म्हणजे वय सांगितलं की तपासायची गरज संपली.

गोळ्या दिल्या, शेक द्यायला सांगितलं, हात हलवत राहा म्हणाले. हलवतेच आहे की. आजही चार वेळा उचललं सासूबाईंना — डाव्या हाताने आणि कमरेने. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर काजवे.

१९ जानेवारी

त्या कुशीवर झोपताच येत नाही. ब्लाउजचा हुक लावताना रडू आलं. ह्यांना म्हटलं, "अहो, जरा लावता का?" लावला. आणि म्हणाले, "अजून बरा नाही झाला?" जसं काही मी मुद्दाम लांबवतेय!

२६ जानेवारी

नणंदेचा फोन. "वहिनी, उचलायची पण एक पद्धत असते. तू ओढतेस आईला. मी बघितलंय."

कधी बघितलंस गं? वर्षातून दोनदा येतेस. खुर्चीत बसून बघतेस.

११ फेब्रुवारी

शेवटी मोठ्या दवाखान्यात गेले. हे आले बरोबर — पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचं.

फॉर्म भरायचा होता. माझा हात तिथल्या उंच काउंटरपर्यंत जाईना, म्हणून ह्यांनी भरला. व्यवसाय : काही नाही. लिहून टाकलं, पेन खिशात. मी सोळा वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले. सासूबाई पडल्या तेव्हा "एकाला घरी राहावं लागेल" असं ठरलं. ते एक कोण, हे ठरवायलासुद्धा कोणी बसलं नव्हतं.

खांद्याचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात नीट. विचारलं, "वजन उचलायचं काम करता का?"

माझ्याआधी हे म्हणाले, "छे! घरीच असते."

मी म्हटलं, "बासष्ट किलो. दिवसातून चार वेळा."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. ह्यांनी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघायला सुरुवात केली.

मग डॉक्टरांनी माझा हात स्वतः धरून बाजूने वर नेला. गेला की! दुखला, पण गेला. "आखडलेला असता तर मलाही वर नेता आला नसता," म्हणाले. "आता मी सोडतो. तुम्ही तिथेच धरून ठेवा." सोडला — आणि हात धपकन खाली. लाकूड पडावं तसा. माझाच हात, आणि मी त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहिले.

त्यांनी समजावलं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. बशी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. पण त्यामुळेच तो चेंडू बशीत धरून ठेवावा लागतो. ते काम चार स्नायूंचं. त्यांच्या पट्ट्या सांध्याभोवती गुंडाळलेल्या असतात. वर्षानुवर्षं ओझं आलं की त्या झिजतात, आणि मग एक दिवस एकाच झटक्यात फाटतात. हाडाच्या फोटोत त्या दिसत नाहीत. एमआरआय करायला सांगितलंय.

"एका दिवसाचं नाही हे," म्हणाले. मला वाटलं, कागदावर लिहून द्या तेवढं.

१५ फेब्रुवारी

वरची पट्टी पूर्ण फाटलीय. फाटून मागे सरकलीय. इंजेक्शनाने दुखणं थोडे दिवस दबेल, पण फाटलेलं जुळणार नाही. बारीक फाटलं असतं तर व्यायामावर भागलं असतं. इथे टाका घालावा लागेल — दुर्बिणीतून, तीन-चार छोट्या भोकांतून. हाडात खुंटी बसवायची आणि तिच्या दोऱ्याने पट्टी परत जागेवर बांधायची. थांबलं तर स्नायू वाळत जातो, मग बांधायलाही काही उरत नाही.

नंतर सहा आठवडे हात झोळीत. सहा महिने जड काही उचलायचं नाही.

घरी सांगितलं. मग ह्यांचा पहिला प्रश्न — "मग आईचं काय?"

माझं काय, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

१ मार्च

उद्या ऑपरेशन. सासूबाई म्हणाल्या, "हौस बघा, भोकं पाडून घ्यायला निघाली."

५ मार्च

झालं. झोळीत हात, हात आणि पोट यांच्यामध्ये उशी. बसूनच झोपायचं. डाव्या हाताने लिहिलेलं हे मलाच उद्या वाचता येणार नाही.

बहीण राहिली दोन दिवस. जाताना माझ्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून गेली. वेणी चार दिवस टिकेल म्हणाली. टिकवणार आहे.

९ मार्च

सासूबाईंसाठी ठेवलेली बाई चौथ्या दिवशी गेली. चावल्या त्या तिला! खरंच चावल्या, मनगटावर. बाई जाताना मला म्हणाली, "ताई, नऊ वर्षं तुम्ही? हात जोडते तुम्हाला." मला हात जोडता येत नव्हते. मान हलवली.

आता हे उचलतात. पोहणं बंद.

१६ मार्च

शेजारच्या काकू, यांच्या ऑफिसातले दोघं, नणंद फोनवर — सगळ्यांचं एकच पालुपद. "आईसाठी किती करतो हो! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

सात दिवस झालेत. सात!

नऊ वर्षं ते झाडू मारण्यासारखं होतं — केलं तर दिसत नाही, राहिलं तर दिसतं. यांनी हात लावला आणि त्याची सेवा झाली.

२० मार्च

यांची कंबर धरली. पलंगावर आडवे, आणि कण्हणं सगळ्या घराला ऐकू जाईल असं. मी चमच्याने भात खात होते, डाव्या हाताने, निम्मा मांडीवर. हसू आलं. वाईट हसू होतं. असू दे.

२ एप्रिल

व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. कडक! पुढे वाकायचं, हात नुसता लोंबता सोडायचा, घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. स्वतःहून उचलायचा नाही. "टाका अजून कच्चा आहे. हिरोगिरी नको," म्हणाल्या.

निघताना ह्यांना बघितलं — आईला कवेत घेऊन ओढताना. बाई तिथेच ओरडल्या, "अहो थांबा, असं नाही उचलायचं!" मग दाखवलं. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये गुळगुळीत फळी टाकायची, कमरेला रुंद पट्टा, आणि उचलायचंच नाही — सरकवायचं. सासूबाई सरसर खुर्चीत. कोणाला काहीही झालं नाही.

फळी. एक फळी.

नऊ वर्षांत एकदाही कोणी म्हणालं नाही की हे फळीने होतं. मला वाटायचं, उचलणं म्हणजेच सून असणं.

१३ एप्रिल

झोळी सुटली. हात बारीक झालाय, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. जिथवर गेली तिथे पेन्सिलीची खूण. आजची खूण माझ्या हनुवटीच्या खाली. शरम वाटली.

१४ मे

व्यायाम सासूबाईंच्या खोलीतच करते, तिथली भिंत रिकामी आहे. त्या पडल्या पडल्या मोजतात! मी दहा म्हटलं की म्हणतात, "आठ झाले. लबाडी नको." जेलरच.

आज मात्र मोजता मोजता थांबल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी मला कळत होतं, तुझा दंड ओढला जातोय. सोडला नाही मी. पडायची भीती वाटली."

नऊ वर्षांतलं पहिलं खरं वाक्य. मी काहीतरी बोलायला हवं होतं का?

नाही बोलले. एवढ्याने नाही भागत. म्हटलं, "किती झाले?"

"सहा," म्हणाल्या.

२० जून

आता रबरी पट्टा ओढायचा. दाराच्या कडीला बांधून, कोपर अंगाशी धरून, आत-बाहेर. वेणी घातली स्वतः! वाकडी. दिवसभर मोडली नाही.

ह्यांनी कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला गोल केलाय. कसला म्हणून विचारलं. "सहा महिने तेव्हा पुरे होतात ना तुझे." तलावाचा पासही परत काढून ठेवलाय, सकाळचा.

१२ जुलै

मोजणी खात्यातली जुनी मैत्रीण भेटली बाजारात. एका खाजगी कचेरीत जुने नकाशे परत काढून द्यायचं काम आहे म्हणाली, रोज सकाळचे चार तास. "येतेस?" मी हसले. मग घरी येईपर्यंत हसले नाही.

२९ ऑगस्ट

एकटीच गेले डॉक्टरांकडे. हात कानाला लागेपर्यंत वर गेला. मग मागे, मग डोक्यामागे. त्यांनी वरून दाबून बघितलं — धरून ठेवला मी! ते खूश. "शंभरातल्या नव्वदांचा इतका चांगला होत नाही. आता सगळं करा. वजन हळूहळू वाढवा, कोपर अंगाजवळ ठेवा, आणि फळी सोडू नका."

पायऱ्या उतरत होते तेवढ्यात ह्यांचा फोन. "काय म्हणाले? सोमवारपासून चालेल ना?"

कशी आहेस — नाही. दुखतं का — नाही. सोमवारपासून चालेल ना!

आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही चालणार. एवढाच राहणार आता हात. खांद्याच्या वर जाणार नाही. वजन तर कधीच नाही."

पलीकडून, "कधीच?"

"कधीच."

आयुष्यात एवढं सरळ खोटं बोलले नव्हते. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, वरची दांडी उजव्या हाताने धरली होती.

३१ ऑगस्ट

दोन दिवस हात पोटाशी धरून वावरतेय. पदर डाव्या हाताने. नाटक करायला खांद्याच्या दुखण्यापेक्षा जास्त जोर लागतो!

मैत्रिणीला हो कळवलं. ह्यांना सांगितलं, बसून करायचं काम आहे, हात वर न्यावा लागत नाही. ह्यांनी तलावाचा पास टेबलावर आपटला.

आणि दुपारी घात झाला. सासूबाईंच्या खोलीत वारा सुटला, खिडकी आपटायला लागली. मी धावत गेले आणि वरची कडी लावली — उजव्या हाताने, चवड्यांवर उभी राहून, हात पूर्ण ताणून. वळले तर त्या टक्क जाग्या.

नुसतं बघत राहिल्या. आता सांगणार! लेकाला सांगणार, लेकीला सांगणार. नऊ वर्षांचं सगळं धुऊन जाणार, आणि मी उरणार एक खोटारडी.

१ सप्टेंबर

नणंद आली. चहाचा कप खाली ठेवून सगळ्यांसमोर विचारलंन, "वहिनी, खरंच नाही उठत हात? जरा करून दाखव."

मी हात पोटाशी आणखी घट्ट धरला.

सासूबाई म्हणाल्या, "तिला काय विचारतेस? दिवसभर तिच्यासमोर मी असते. नाही उठत तिचा हात. गेला तो." मग लेकाकडे वळल्या. "फळी आण. आणि उद्यापासून तिला सकाळी लवकर निघायचंय, चहा तू कर."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.